कमी खाऊन वाढणारं कोकरू

ज्या उन्हाळ्यात आमची कोकरं अंगानं भरत होती, त्याच उन्हाळ्यात आबा वाळत चालले होते. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात घडत होत्या आणि दोन्ही आम्हाला दिसत होत्या. कोकरांचं वजन आम्ही दर रविवारी लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगून करायचो. आबांचं वजन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरच्या माणसाला कोण काट्यावर घालतं?

मी शेंद्र्याला एका पशुखाद्याच्या कारखान्यात नोकरी करते. पेंडीत ओल किती, मक्याला बुरशी लागलीय का, पोत्यावर छापलंय तेवढं सत्त्व आत आहे का, हे तपासणं माझं काम. राहायला शहरात, छावणीच्या बाजूला. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, करमाडच्या पुढं, शेतातल्या घरात. कोकरं पाळायची कल्पना माझीच होती. हिंडवायची नाहीत, जाळीच्या आत ठेवायची, मोजून खाऊ घालायचं आणि बकरी ईदच्या आधी छावणीच्या बाजारात उभी करायची. आबांनी जन्मभर मेंढरं पाहिली ती धनगरांची, बांधाबांधानं चरत जाणारी. माझं सगळं बोलणं ऐकून ते म्हणाले, "बसल्या जागी घातलं असतं तर आमी बी वाढलो असतो की."

आबांचा स्वभाव असाच. टोमणा मारायचा आणि कामाला लागायचं. जाळी त्यांनीच ठोकली, गव्हाणी त्यांनीच बांधल्या, आणि जाळीला लागून छपराखाली स्वतःची बाज टाकली. रात्री लांडगा येतो म्हणाले. लांडगा काही त्या भागात आला नाही, पण बाज तिथंच राहिली आणि हळूहळू त्यांचं जेवणही तिथंच सुरू झालं.

या धंद्यात खरा प्रश्न एकच. जे खाल्लं त्यातलं अंगी किती लागलं? दोन कोकरं सारखीच खातात, पण एक वाढतं आणि दुसरं नुसत्या लेंड्या टाकतं. म्हणून वजनाइतकंच खाणं बघावं लागतं. गव्हाणीत भरडा पडला की कोकरांचे स्वभाव उघडे पडतात. काही दांडगी असतात, ती शेजारच्याला खांद्यानं ढकलून अधाशासारखी खातात आणि मग फुगून उभी राहतात. काही भित्री, गर्दी हटल्यावर उरलंसुरलं चाटणारी. आणि काही शहाणी, जी थोडं खातात, बाजूला होतात, निवांत रवंथ करतात, पुन्हा येतात. ही शहाणी कोकरं मला फार आवडायची. माणसांतही मला अशीच माणसं आवडतात, भेटतात मात्र दांडगी.

त्यात एक कोकरू होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते यातल्या कुठल्याच गटात बसेना. भरडा पडला की सगळ्यांच्या मागून यायचं, वास घ्यायचं, दोन-चार घास खायचं आणि जाळीपाशी जाऊन उभं राहायचं. असं कोकरू रोडावायला पाहिजे. पण काट्याला टांगलं की ते सगळ्यांपेक्षा जड भरायचं, आणि दर रविवारी त्याचं नि बाकीच्यांचं अंतर वाढतच चाललेलं. मला तर सोन्याचा हंडा सापडल्यासारखं झालं. कमी खाऊन जास्त वाढणारं जनावर! हे विकायचं नाही, याला पैदाशीचा नर म्हणून ठेवायचं, याची पिल्लं अशीच निघाली तर मग बघायलाच नको. मी आबांना हे सगळं सांगत होते तेव्हा ते बाजेवर पाय दुमडून बसले होते. त्यांनी जाळीतून हात घालून त्याचा कान कुरवाळला आणि म्हणाले, "काही जीव असत्यात असे."

त्यांचा आवाज बसलेला होता. मला वाटलं, भुसकटाची धूळ.

आईची तक्रार नेमकी याच्या उलट होती. ती मला चुलीपाशी बसवून हळू आवाजात सांगायची, "ह्यांच्या अंगीच लागंना बघ खाल्लेलं. ताट तर चाटूनपुसून मोकळं करत्यात. मंग जातंय कुठं?" आबांच्या गळ्याची हाडं वर आली होती. सदरा खुंटीवर असताना जसा दिसायचा तसाच तो त्यांच्या अंगावर दिसायला लागला होता. आईनं आधी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मग गावातल्या डॉक्टरकडून जंताचं औषध आणलं. मी त्यांना घेऊन साखर तपासून आणली, ती बरोबर निघाली, आणि आम्हाला सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की येताना आम्ही रसवंतीवर थांबलो. आबांनी रसाचा पेला हातात धरला, घोट घोट घेत बसले आणि आमचे पेले कधीच रिकामे झाल्यावर उरलेला रस मला दिला. "लई गोड हाय," म्हणाले. या माणसाला कुठली गोष्ट कधी गोड जास्त झाली नव्हती.

खाण्याच्या बाबतीत आबा म्हणजे खाईन तर तुपाशी. हातावर ठेचा घेऊन भाकरी खाणारे, पंगतीत वाढपी दमेल पण हे दमणार नाहीत अशी गावात ख्याती. त्याआधीच्या हिवाळ्यापासून त्यांनी ठेचा सोडला. तिखट सोसत नाही म्हणाले. मग दुधात भाकरी चुरून मागायला लागले. दाढ हलते म्हणाले. मग भाकरीपेक्षा खिचडी बरी, मग खिचडीपेक्षा वरणभात पातळसर. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. म्हाताऱ्या माणसाची दाढ हलतेच. पाण्याचे तांबे एकाऐवजी दोन लागायला लागले, तर तो उन्हाळाच होता.

आमच्या घरात एक रीत आहे. जेवायला बसलं की पहिला घास जनावराचा. आबांचे वडील बैलाला द्यायचे, आबाही बैल होते तोवर बैलाला द्यायचे, बैल गेल्यावर गाईला, गाय गेल्यावर कोकराला. जाळीतून एक घास त्या ठिपक्याच्या कोकराला देताना मी त्यांना कितीदा पाहिलं असेल. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. उलट तो घास हळूहळू मोठा व्हायला लागला तेव्हा आईला बरं वाटलं. म्हातारपणी माणूस देवाधर्माकडं वळतो, आमचे आबा देवळात जायचे नाहीत, पण निदान मुक्या जीवाला घालतात, असं ती शेजारणीला कौतुकानं सांगायची.

कारखान्यात मी माझ्या वरिष्ठांना त्या कोकराची गोष्ट सांगितली. ते या धंद्यात मुरलेले. चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, कमी खाऊन थोडंफार जास्त वाढणारं कोकरू असतं. न खाता वाढणारं नसतं. ते कुठंतरी खातंय. तुमच्याकडं कुठंतरी पाणी मुरतंय." मला राग आला, पण बोलणं खरं होतं. पुढच्या रविवारी मी जाळी सगळीकडून हलवून पाहिली, खाद्याची पोती उपसून पाहिली, शेजाऱ्याच्या ज्वारीच्या कणगीपर्यंत जाऊन आले. कुठं भोक नाही, कुठं सांडलवंड नाही. आबा बाजेवर बसून माझी ही सगळी झडती बघत होते. "घावला का चोर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घावंल." ते हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला तो बराच वेळ थांबेना.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मला अजून दिसते. दिवेलागणीला बाकीची कोकरं गव्हाणीकडं तोंड करून ओरडत होती. ते एकटं मात्र बाजेजवळ जाळीला अंग लावून, घराच्या दाराकडं बघत उभं होतं. ओरडत नव्हतं. आई ताट घेऊन दारातून बाहेर आली तसे त्याचे कान उभे राहिले. जनावराला वेळ कळते, भांड्याचा आवाज कळतो, हे मला माहीत होतं. तरी मला ते बरं वाटलं नाही. आईनं ताट बाजेवर ठेवलं, आणि आबा लगेच म्हणाले, "जरा लोणच्याची फोड आण गं." आई आत गेली. मलाही त्यांनी काहीतरी आणायला पाठवलं, बहुतेक कंदील. आम्ही दोघी आलो तेव्हा ताट अर्ध्याच्या वर रिकामं झालं होतं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ. आन तरी अंगी लागंना."

जिना चढताना पायरी चुकावी तसं काहीतरी तेव्हा मला झालं होतं. पण माणूस स्वतःच्या घराबद्दल वाईट विचार किती वेळ करणार? मी शहरात परत आले, कामाला लागले.

मग गावात एक लग्न निघालं, आमच्याच भावकीतलं. आबा गेले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. पंगत सोडून घरी बसलेले आबा ही गोष्टच अशी होती की मांडवात चार माणसांनी आईला विचारलं, बरे आहेत ना? आईनं त्यांच्यासाठी डबा भरून आणला. भात, वरण, पुऱ्या, बुंदी. ती स्वतः पंगतीत जेवली नव्हती. आधी घरी जाऊन त्यांना वाढते, मग बघते, म्हणून निघून आली होती. घरी येऊन सगळा डबा तिनं आबांच्या ताटात रिकामा केला, आणि मग आत जाऊन स्वतःसाठी सकाळची भाकरी घेतली. बाहेर आली तर आबांचं ताट स्वच्छ होतं. ती मला नंतर म्हणाली, त्या रात्री तिला किती शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ठिपक्याचं कोकरू आडवं पडलेलं होतं. डावी कूस टम्म फुगलेली, दात कराकरा वाजत होते, आणि मागं आंबट वासाचं पाणी. मी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, पोट चोळलं, उठवून उभं करायला गेले तर पाय लटपटून पुन्हा खाली. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ते संपलं होतं. आबा बाजेवर बसून होते. एकदाही उठून जवळ आले नाहीत, त्याचं मला नवल वाटलं आणि रागही आला.

डॉक्टरांना काळजी बाकीच्या कोकरांची. जोमानं वाढणारंच कोकरू आधी जातं असा एक रोग आहे, आंत्रविषार म्हणतात, तो असेल तर उरलेल्यांना धोका. "उघडून बघू," ते म्हणाले. बांधाच्या कडेला लिंबाखाली पोतं अंथरलं. आई पदर नाकाला लावून थोडी लांब उभी राहिली. डॉक्टरांनी पोट उघडलं, आणि हात थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही याला काय घालता म्हणालात?"

मी सांगितलं. मक्याचा भरडा, सरकीची पेंड, कोंडा, तुरीचं भुसकट. माझ्या कारखान्याचं नाव घेताना बाकी वेळी माझा आवाज जरा वर जातो. तेव्हा नाही गेला.

"आणि हे?" ते म्हणाले. "हे जनावर पंगतीला बसून जेवलंय."

भाताचा गोळा होता. पुरीचे मऊ पडलेले तुकडे होते. मधे मधे पिवळे दाणे होते, अजून विरघळले नव्हते. मी ते ओळखायच्या आधी आईनं ओळखले. ती पुढं आली, पदर नाकावरून खाली पडला, आणि ती त्या पोत्याकडं वाकून बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावं तसं, म्हणाली, "ही बुंदी म्या कुणालाच दिली नाय. म्या बी खाल्ली नाय. ही निस्ती ह्यांच्या ताटात हुती."

मी बाजेकडं पाहिलं. आबा आमच्याकडंच बघत होते, आणि त्यांना कळलं होतं की आम्हाला कळलं. त्या क्षणी मला काय वाटलं असेल तर भीती. निव्वळ भीती. रविवारी काट्यावर चढलेलं एकेक किलो कुणाच्या अंगावरून उतरून आलं होतं, याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप होत होता आणि तो मला थांबवता येत नव्हता.

आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तुमी काय खाता?" तिनं विचारलं. "खरं सांगा. काय खाता तुमी?"

आबांनी गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "उतरत नाय. आधी भाकरी अडकायची, मंग भात. आता पाणी बी थांबून थांबून जातंय." आणि पोत्यावरच्या कोकराकडं बघून, "म्या त्याला एवढं घालाया नको हुतं. कालचं लई हुतं."

त्याच दुपारी आम्ही त्यांना शहरात आणलं. मोठ्या दवाखान्यात घशातून दुर्बीण घालून बघितलं. बाहेर येऊन डॉक्टर आबांशी न बोलता माझ्याशी बोलायला लागले, तेव्हाच मला निम्मं कळलं. अन्ननलिकेत गाठ आहे, वाट जवळजवळ बंद आहे, तुकडा तपासायला पाठवलाय. नक्की काय ते अहवाल आल्यावर. "इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. काय सांगणार होते मी? ताट रिकामं दिसायचं, साहेब. आणि वजन वाढतही होतं, दुसऱ्याचं.

आई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती तेव्हा मी आबांवर चिडले. दवाखान्यात, माणसांसमोर. माणूस मरायला टेकला तरी हा आपला गप्प, मुक्या जनावराला घालतो आणि आमच्याशी खोटं बोलतो, असं काय काय बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"कुणाला बोलू?" ते म्हणाले. आवाज इतका बसला होता की मला जवळ वाकावं लागलं. "तुझी माय माझं ताट बघती. ताट मोकळं झाल्याबिगर ती घास घेत नाय, लगीन झाल्यापासनं. पयल्यांदा अडकलं तवा म्या म्हणलं, भूक नाय. तर ती बी तशीच निजली. पुन्यांदा म्हणलं, तर पुन्यांदा तशीच. मंग तिला चुलीपाशी चक्कर आली. तवा म्या इचार केला, आपलं जायचं ते जाऊ दे. ताट मोकळं दिसलं पायजे."

"आणि तुम्ही?"

"माझं तसं बी खाली जातच नव्हतं की."

आईला ताट बघायची सवय होती आणि आबांना आई जेवलेली बघायची, आणि या दोन सवयींच्या मधे तो माणूस वाळून काडी झाला होता. माझा राग कुठं जाऊन बसला ते कळलं नाही. तो गेला मात्र नाही, अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो.

संध्याकाळी आबांना खाटेवर घेतलं. पातळ पेज चालेल, डॉक्टर म्हणाले, अगदी पाण्यासारखी, चमच्यानं, सावकाश. मी माझ्या घरून पेज करून आणली आणि आईसाठी भाकरी-पिठलं. तिनं आदल्या रात्रीच्या भाकरीनंतर काही खाल्लेलं नव्हतं. आई खाटेच्या कडेला बसली, वाटी हातात घेतली आणि पहिला चमचा आबांच्या तोंडात घातला. इथं जाळी नव्हती, लोणचं आणायला पाठवायची सोय नव्हती. त्यांना तिच्यासमोर गिळावं लागणार होतं.

त्यांनी पेज तोंडात धरून ठेवली. मग डोळे मिटले. गळ्याची शीर ताठ झाली, हातानं खाटेची दांडी आवळली, मान पुढं आली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते थोडं गेलं, थोडं परत आलं, ओठांच्या कडेनं हनुवटीवर उतरलं. आईनं पदरानं पुसलं आणि दुसरा चमचा भरला. तेच पुन्हा झालं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती, गळ्याकडं बघत होती. इतकी वर्षं तिनं ताट पाहिलं, गळा कधी पाहिला नव्हता. तिसरा चमचा तिनं भरला, उचलला आणि तो हवेतच राहिला.

माझ्या आईनं उभ्या जन्मात कुणाला पुरे म्हटलेलं मी ऐकलं नाही. दारात आलेला माणूस पोट धरून हात आडवा करायचा तेव्हाही ती आणखी एक चतकोर वाढायची. तिनं चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली.

"पुरे," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता. नका खाऊ."

आबांनी डोळे उघडले. श्वास लागला होता, तो खाली बसू दिला. मग म्हणाले, "तू जेव."

"जेवते मागनं."

"आत्ता. हितं. मला दिसाया पायजे."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी डबा उघडून तिच्यापुढं ठेवला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं आपापल्या गडबडीत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. तिला तो चाववत नव्हता हे मला दिसत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात खरकटा होता. तरी ती एकेक घास घेत राहिली, आबांच्या समोर, आबांच्या आधी. सबंध भाकरी संपेपर्यंत त्यांनी तिच्यावरची नजर काढली नाही.